शिकाऊ

फाल्गुन लागला की माझ्या खांद्याला बर्फाची पेटी येते.
आत लाळ्या-खुरकताची लस,
वर ओलं फडकं, बगलेत नोंदवही.
गोरेगाव पूर्व, आरेचे गोठे, सकाळी सहा.

सहाला म्हशी भादरायला सुरुवात होते.
उन्हाळ्याआधी केस काढावेच लागतात, नाहीतर कातडी पेटते.
रामसुमेर पाठीवरून वस्तरा चालवतो
पाटीवरचं जुनं गणित पुसत जावं तसा,
आणि खालून निघते काळी, ओली, नवी म्हैस,
स्वतःलाच अनोळखी.
शिंगांना तेल. खुरांना कानस.
मानेत माझी सुई, कानात पिवळा बिल्ला, बारा आकडे.
वहीत रकाना: जनावराचा उपयोग.
दूध.
दूध.
दूध.
तीन दिवसांत चारशे बारा वेळा दूध.
बोटाला घट्टा पडला.

चौथ्या दिवशी पाडा.
शेवटच्या गोठ्यामागून पायवाट उतरते,
कोरड्या नाल्यातल्या दगडांवर सावरीची फुलं पडलीत,
चप्पल घसरते.
टेकडीपलीकडे बावीस मजल्यांच्या काचा ऊन परतवतायत
आणि इकडे जेठ्या वरठा राब रचतोय.
खाली शेण, गोठ्यातलंच, काल डोक्यावरून आणलेल्या आठ पाट्या.
त्यावर ऐनाचे टहाळे, त्यावर पातेरा, मग गवत,
सगळ्यावर चाळलेली माती,
आजाऱ्याला पांघरूण घालावं तशी, कडा दाबून.
"वरच्या अंगानं लावायचा," तो म्हणतो,
"खालून लावला तं धावतो.
आग चालली पायजे. धावली नाय पायजे."
त्याची सून हौशी हंडा भरून बांधावर बसलीय,
धावलीच तर.

खाचर केवढं, तर आमच्या ऑफिसची पार्किंग मोठी.
"बैल किती?"
"एक."
"म्हणजे जोडी नाही."
"जोडी हाय," जेठ्या म्हणतो. "बैल एक."

मग दिसतं.
जुवाखाली डावीकडे म्हातारा तांबडा बैल,
उजवीकडे रेडा.
जू तिरकं, तराजूत कुणी खोटं माप ठेवल्यासारखं.
बैल चालतो. रेडा बसतो.
बैल थांबतो, मान वळवत नाही, नुसता थांबतो,
ज्यानं आयुष्यभर बरीच पोरं पाहिलीत असा.
जेठ्याचा नातू शेपूट पिळत नाही,
रेड्याच्या कानात काहीतरी बोलतो.
उठतो. चार पावलं. पुन्हा बसकण.
फाळाची रेघ पहिलीतल्या मुलानं गिरवलेली.

"हा कुठून आणला?"
हौशी हसते. "तुमच्याच वहीतून."

चार वर्षांमागे, रस्त्यालगतचा गोठा.
नर पारडू. उकिरड्याशेजारी, डोळ्यांवर माश्या.
मालक म्हणाला, लिहा.
मी लिहिलं: मृत.
घाई होती. बर्फ वितळत होता.
त्या संध्याकाळी शेण न्यायला आलेली हौशी
पाटीत शेण आणि शेणावर हे, असं घेऊन उतरली.
फडक्याच्या बोळ्यानं पेज पाजली, पावसाळाभर.

आता मी पक्कड घेऊन त्याच्यापुढे.
कान जाड, गरम, केसाळ.
बिल्ला घुसताना तो हलला नाही,
मीच हलले.
नाव विचारलं, वहीत नावाचा रकाना नसतानाही.
"शेण्या," पोरगा म्हणाला. "दुसरं काय असणार?"

राबाचा धूर निघाला,
खाली वाकून, पाय मोजत चालणारा.
उपयोग या रकान्यात मी लिहिलं: शेतीकाम.
वर्षातलं पहिलं.
मग पुन्हा बसलेल्या शेण्याकडे बघून
कंसात लिहिलं: शिकाऊ.

पेटीत लस उरली नव्हती, बर्फाचं पाणी होतं.
ओतायला वाकले तर त्यानं तोंडच घातलं आत,
आणि पेटीसकट उभा राहिला.
बैलाला वाटलं,
निघायची वेळ झाली.